चिपेच्या पाठीवरचे दात

लेथवर कापलेल्या टायटेनियमच्या चिपेला, म्हणजे कापताना सुटणाऱ्या धातूच्या सालीला, दोन बाजू असतात. टूलवरून घासत आलेली बाजू आरशासारखी चकचकीत असते. दुसरी, मोकळ्या हवेकडची बाजू खरखरीत असते. भिंगाखाली धरली की कळतं, ती नुसती खरखरीत नाही, करवतीसारखे दात आहेत तिला, एका मिलिमीटरमध्ये बारा-तेरा. माझ्या एम.टेक.ची दोन वर्षं या दातांमागे गेली. हे दात कसे पडतात आणि पडायला सुरुवात नेमकी कुठून होते, टूलच्या टोकापासून की वरच्या मोकळ्या पृष्ठभागापासून, एवढाच माझा प्रश्न होता.

पहिले दोन महिने मला टायटेनियमला हातच लावू दिला नाही. सर म्हणाले, आधी साधं मध्यम कार्बनचं पोलाद काप, त्याची चिप सरळ, सलग निघते, ती वाचायला शीक. वर्कशॉपमधल्या काकांनी दोन मिलिमीटर जाडीच्या चकत्या करून दिल्या. चकती दोन फ्लँजांमध्ये घट्ट पकडायची, फिरवायची आणि तिच्या परिघावर तिच्यापेक्षा रुंद धारेचं टूल सरळ आत घालायचं. असं केलं की कापण्याची क्रिया सपाट होते. धारेच्या एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरंच असं काही उरत नाही, रुंदीभर सगळीकडे जवळपास सारखंच घडतं. अभ्यासासाठी एवढा साधेपणा लागतोच. कारखान्यातलं खरं कापणं याच्या कितीतरी पट गुंतागुंतीचं असतं, पण तिथून सुरुवात केली असती तर मी पहिल्याच महिन्यात हरवले असते.

तोवर माझ्या मनात कापणं म्हणजे सुरीने कापणं असंच चित्र होतं. धार आत शिरते आणि पदार्थाचे दोन भाग होतात. धातूचं तसं नसतं. टूल पुढे येतं तसा त्याच्यासमोरचा धातू दबतो, एका तिरक्या पातळ पट्ट्यात सरकतो आणि वर वळून चिप म्हणून वाहायला लागतो. फिनलंडच्या पिइस्पानेन यांनी १९३७ साली याची तुलना पत्त्यांच्या कॅटशी केली होती. कॅट तिरका धरून एका बाजूने ढकलला तर प्रत्येक पत्ता शेजारच्यावरून थोडाथोडा घसरतो, तसं. पत्ते जिथे घसरतात तो पट्टा म्हणजे शिअर झोन. तो फार तर वीस-पंचवीस मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा असतो. चिपेचं सगळं आयुष्य त्या पट्ट्यात घडतं, आणि बाहेर आपल्याला मिळतो तो फक्त निकाल.

निकालावरून मागे कसं जायचं हे सरांनी एका दुपारी शिकवलं. फीड फेऱ्याला ०.१ मिलिमीटर होती, म्हणजे टूल तेवढ्या जाडीचा थर काढत होतं. मायक्रोमीटरने मोजली तर चिप ०.२५ मिलिमीटर जाड. म्हणजे धातू अडीचपट जाड झाला होता आणि तेवढ्याच प्रमाणात आखूड. या एका गुणोत्तरावरून शिअर अँगल, म्हणजे त्या पट्ट्याचा तिरकेपणा, निघतो. आमच्या टूलचा रेक, म्हणजे चिप ज्यावरून घासत जाते त्या तोंडाचा कल, शून्य होता, त्यामुळे हिशेब अगदीच सोपा: गुणोत्तर ०.४, कोन जवळपास २२ अंश. त्यावरून शिअर स्ट्रेन, म्हणजे पट्ट्याच्या जाडीच्या किती पट धातू सरकला, तो आला २.९. मी तो आकडा दोनदा तपासला, कारण ताण-चाचणीत याच जातीच्या पोलादाचा दांडा स्वतःच्या लांबीच्या वीसएक टक्के वाढला की तुटतो. हे दोन आकडे एकमेकांशेजारी सरळ ठेवायचे नसतात, एक घसरण्याचा आहे आणि दुसरा ओढण्याचा. तरीही तफावत डोळ्यांत भरण्यासारखी आहे. टूलसमोर धातूवर इतका दाब असतो की त्याला तुटायला जागाच मिळत नाही, तो वाहतो.

मग वेग. मिनिटाला २०० मीटर म्हणजे सेकंदाला सव्वातीन मीटरच्या आसपास. पट्टा तिरका असल्याने धातूचा कण तो सरळ नाही, तिरका ओलांडतो, म्हणून त्या वेगाने ते पंचवीस मायक्रॉन पार करायला त्याला वीस मायक्रोसेकंद लागतात. वीस मायक्रोसेकंदांत २.९ स्ट्रेन, म्हणजे स्ट्रेन रेट, स्ट्रेन वाढण्याची गती, सेकंदाला एक लाखाच्या वर. आमच्या मटेरियल लॅबमधलं ताण-चाचणीचं यंत्र ज्या रेटने दांडा ओढतं त्याच्या सुमारे दहा कोटी पट. त्या दिवसापासून पुस्तकातल्या ताकदीच्या तक्त्यांकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. ते तक्ते खोटे नाहीत. ते संथ चाललेल्या जगाचे आहेत, एवढंच.

टायटेनियम आलं आणि हे सगळं नीटनेटकं चित्र मोडलं. सहा टक्के अॅल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असलेला नेहमीचा मिश्रधातू, विमानाच्या भागांपासून हाडांत बसवायच्या इम्प्लांटपर्यंत सगळीकडे वापरला जाणारा. काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं: चिप हाताने ओढायची नाही, कडा ब्लेडसारख्या असतात, बारीक चिपांचा ढीग यंत्राखाली साठू द्यायचा नाही, पेट घेऊ शकतो, आणि पेटलाच तर पाणी अजिबात नाही, फक्त कोरडी पावडर. नंतर दोन वर्षं मी पावडरचं ते पिंप रोज जागेवर आहे ना, हे बघूनच यंत्र सुरू करत असे.

दात असलेल्या चिपेची जाडी मायक्रोमीटरने मोजण्यात अर्थ नाही, मायक्रोमीटर फक्त दातांच्या टोकांना टेकतो. म्हणून वजन करायचं. पन्नास मिलिमीटर लांबीचा तुकडा बारीक तराजूवर ५३ मिलिग्रॅम भरला. घनता ४.४३, रुंदी दोन मिलिमीटर. सरासरी जाडी निघते ०.१२ मिलिमीटर. म्हणजे हा धातू फारसा जाड झालाच नव्हता! सरासरी शिअर स्ट्रेन साधारण दोन, पोलादापेक्षा कमी. कागदावर बघितलं तर टायटेनियम पोलादापेक्षा कमी विरूपण सोसून बाहेर पडत होतं. मला ते खरं वाटेना, आणि आत बघितल्याशिवाय उलगडा होणार नव्हता.

आत बघायचं म्हणजे चिप उभी बसवून, कापून, घासून, चकचकीत करून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या चार चिपा मी बेकलाइटमध्ये गरम दाबून बसवल्या आणि दाबाने त्यांचे दातच चेपले. म्हणून थंड बसणाऱ्या इपॉक्सीवर आले. चिप छोट्या प्लास्टिकच्या क्लिपमध्ये उभी धरायची, कपात ठेवायची आणि इपॉक्सी अगदी हळू ओतायची, नाहीतर धारेबरोबर चिप कलते. वीस अंश कलली तरी जाडी सहा टक्क्यांनी जास्त दिसते, आणि आपल्याला ते कळतही नाही. मग ३२० नंबरच्या पेपरपासून १२०० पर्यंत, दर पेपरला नमुना नव्वद अंशांत फिरवून, आधीच्या रेघा पूर्ण जाईपर्यंत. त्यानंतर डायमंड पेस्ट, शेवटी कोलॉयडल सिलिका. टायटेनियम चिवट असतं. घाईने घासलं की पृष्ठभागावर धातूचा एक लेप पसरतो आणि खालची रचना झाकली जाते. तो लेप बघून मी एकदा अख्खा आठवडा ‘या चिपेत काहीच दिसत नाही’ असं लिहीत बसले होते.

शेवटची पायरी, धातूची आतली रचना उमटवणाऱ्या क्रोलच्या द्रावणाची: दोन टक्के हायड्रोफ्लोरिक आम्ल, सहा टक्के नायट्रिक, बाकी पाणी. हे काम मी कधी एकटीने केलं नाही आणि कुणी करू नये. हायड्रोफ्लोरिक काचही खातं, म्हणून भांडी प्लास्टिकची. कातडीवर थेंब पडला तर लगेच दुखेलच असं नाही, ते आत मुरत जातं आणि दुखणं उशिरा कळतं. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी ठेवूनच बाटली उघडायची. नमुना दहा-पंधरा सेकंद द्रावणात, मग भरपूर पाणी, मग अल्कोहोल, मग हवेने सुकवायचा.

पहिल्यांदा नीट उमटलेला नमुना मी दोनशे पटीवर बघितला, मग पाचशे, मग हजार. प्रत्येक दात म्हणजे धातूचा एक तिरका ठोकळा. ठोकळ्याच्या पोटातले कण मूळ चकतीत होते जवळपास तसेच, थोडे दबलेले, एका बाजूला कललेले. आणि दोन ठोकळ्यांच्या मध्ये एक फिकट रेघ. पाच-सहा मायक्रॉन रुंद. रेघेकडे जाताना कण वाकायला लागतात, लांब होतात, धाग्यासारखे ओढले जातात आणि रेघेच्या आत त्यांची ओळखच उरत नाही. एक ठोकळा शेजारच्यावरून पन्नासएक मायक्रॉन सरकलेला होता, आणि ते सगळं सरकणं त्या सहा मायक्रॉनांत झालं होतं. म्हणजे तिथला स्ट्रेन आठाच्या वर. सरासरी दोनचं कोडं सुटलं. दोन हा आकडा कुठेच नव्हता. कुठे अर्धा-एक होता, कुठे आठ. वजन करून मी जी सरासरी काढली होती ती धातूच्या एकाही कणाच्या वाट्याला आलेली नव्हती.

ती रेघ म्हणजे अॅडिअबॅटिक शिअर बँड, उष्णतेला बाहेर पडायला वेळच न मिळता घसरलेला पट्टा. कल्पना जुनी आहे. ट्रेस्का यांनी १८७८ साली प्लॅटिनमच्या मिश्रधातूवर घणाचे घाव घालताना उष्णतेच्या तिरक्या रेषा उमटलेल्या नोंदवल्या होत्या. १९४४ साली झीनर आणि हॉलोमन यांनी कारण सांगितलं: विरूपणाने धातू कठीण होतो, पण विरूपणाची ऊर्जा उष्णता बनते आणि उष्णतेने तो मऊ होतो. मऊ होण्याचा जोर कठीण होण्यापेक्षा वाढला की जिथे थोडं जास्त सरकलं तिथेच आणखी सरकतं, आणखी तापतं, आणखी मऊ होतं. बाकीचा धातू तेव्हा नुसता पुढे ढकलला जातो.

हे वाचून समजलं होतं, पटलं मात्र हिशेब केल्यावर. प्लास्टिक विरूपणाच्या कामापैकी सुमारे नव्वद टक्के उष्णतेत जातं. टेलर आणि क्विनी यांचं १९३४ चं काम यासाठी अजून वापरतात. शिअरचा ताण सहाशे मेगापास्कल धरला आणि स्ट्रेन दोनच धरला, तरी टायटेनियमचं तापमान साडेचारशे अंशांच्या वर चढतं. आता ही उष्णता पळून किती लांब जाऊ शकते? टायटेनियमची उष्णतावाहकता सात वॅट प्रति मीटर केल्विनच्या आसपास, पोलादाची पन्नासच्या, अॅल्युमिनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूची दीडशेच्या वर. मिनिटाला १२० मीटर वेगाने एक दात पडायला साधारण पन्नास मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात उष्णता अॅल्युमिनियममध्ये साठएक मायक्रॉन जाते, पोलादात पंचवीस आणि टायटेनियममध्ये बारा. दातांमधलं अंतर ऐंशी मायक्रॉन. अॅल्युमिनियममध्ये शेजाऱ्यापर्यंत ऊब जवळजवळ पोचते, टायटेनियममध्ये दाराबाहेरही पडत नाही. मी हे तीन आकडे वहीच्या एका पानावर एकाखाली एक लिहिले आणि त्या दिवशी दुसरं काही केलं नाही. याआधी मी शंभर वेळा ‘टायटेनियमची वाहकता कमी असते’ हे वाक्य वाचलं होतं, पण वाहकता कमी म्हणजे वेळेच्या हिशेबात काय, हे त्या पानावर पहिल्यांदा दिसलं.

यानंतर माझ्याकडून जी चूक झाली तिच्यात तीन महिने गेले. ती सविस्तर सांगायला हवी, कारण या कामात येणारे इतरही तिथेच अडखळताना मी पाहिले आहेत.

मला वाटलं, दर दाताबरोबर बल वर-खाली होत असणार. ठोकळा दबत असताना वाढणार, बँड सुटला की पडणार. मग टूलखालच्या पायझोइलेक्ट्रिक डायनमोमीटरच्या, म्हणजे बल मोजणाऱ्या उपकरणाच्या, नोंदीत दातांची वारंवारता दिसायला हवी. पहिली चाचणी मी मिनिटाला २० मीटरने केली. दातांच्या अंतरावरून हिशेब येत होता ३.५ किलोहर्ट्झ. नोंदीचं विश्लेषण केलं आणि ३.१ किलोहर्ट्झला उंच, सुंदर शिखर! मधला फरक मी दातांच्या असमान अंतरावर ढकलला. मग सगळ्या वेगांना नोंदी घेतल्या, सगळीकडे शिखर सापडलं, तक्ते केले, आलेख काढले, अर्धा अहवाल लिहून झाला.

सरांनी अहवाल उघडला, आलेखावर बोट ठेवलं आणि विचारलं, “वेग दुप्पट केल्यावर शिखर कुठे गेलं?”

कुठेच गेलं नव्हतं. ६० ला ३.१, १२० ला ३.१, १८० ला ३.१. वेग तिप्पट झाला तर दात पडण्याची गतीही जवळपास तिप्पट व्हायला हवी, हे मला माहीत होतं. तरी मी प्रत्येक वेगाला शिखराची उंचीच तेवढी बघत होते, जागा बघतच नव्हते. त्याच संध्याकाळी यंत्र बंद ठेवून, टूल जागेवर तसंच बसवलेलं असताना, छोट्या हातोडीने टूलच्या टोकावर हलकी टिचकी मारली आणि नोंद घेतली. ३.१ किलोहर्ट्झ. चकती फिरत नव्हती, चिप निघत नव्हती, कुठला दात नाही. ते शिखर टायटेनियमचं नव्हतंच. डायनमोमीटर आणि त्यावर बसवलेलं टूलहोल्डर यांचा तो स्वतःचा सूर होता. कुणी धक्का दिला की घंटा आपल्या सुरात वाजते, धक्का कसाही दिला तरी.

१२० मीटरला खरी वारंवारता किती? चिपेचा वेग भागिले दातांचं अंतर, वीस किलोहर्ट्झच्या थोडं वर. माझी नोंद सेकंदाला दहा हजार वाचनांची होती, म्हणजे पाच किलोहर्ट्झच्या वरचं काही तिच्यात दिसणं मुळातच शक्य नव्हतं. जे माझ्या उपकरणाला ऐकूच येत नव्हतं ते मी तीन महिने ऐकत होते. तो भाग अहवालातून काढला. डायनमोमीटरवरून फक्त सरासरी बलं घेतली, ती तो चांगली देतो. तेव्हापासून कुठलंही नवं उपकरण हातात आलं की आधी धातूशिवाय काय दाखवतं ते बघते.

मधल्या काळात संगणकावरही प्रयत्न केला. जॉन्सन आणि कुक यांचं १९८३ चं सूत्र वापरून चिपेचं फायनाइट एलिमेंट मॉडेल केलं, म्हणजे धातूची छोट्या चौकोनांची जाळी करून प्रत्येक चौकोनाचा हिशेब. स्ट्रेन, रेट आणि तापमान या तिन्हींचा ताकदीवरचा परिणाम ते एका ओळीत मांडतं. दात सुरेख पडले. जाळीचे चौकोन दहा मायक्रॉनचे ठेवले तर बँड दहा मायक्रॉनचा, पाचचे ठेवले तर पाचचा. म्हणजे बँडची रुंदी धातू ठरवत नव्हता, मी ठरवत होते. शिवाय सूत्रातले स्थिरांक हॉपकिन्सन बारच्या, म्हणजे दांड्यांमधून धक्का देऊन नमुना वेगाने दाबण्याच्या, चाचण्यांवरून काढलेले असतात. त्या चाचण्या सेकंदाला दहा हजारच्या आसपास थांबतात आणि स्ट्रेनही माफकच असतो. त्यापुढचं सगळं सूत्राच्या भरवशावर. मॉडेल निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. फीड बदलल्यावर दातांचं अंतर कसं बदलेल, हा कल ते बरोबर दाखवतं. पण बँड सुरू कुठून होतो या माझ्या प्रश्नाला ते साक्षीदार म्हणून चालणार नव्हतं, कारण उत्तर आधीच त्याच्या सूत्रात बसलेलं असतं.

आणि तो प्रश्नच तर खरा वादाचा आहे. एका बाजूला रेक्ट यांचं १९६४ चं काम आणि नंतर कोमांदुरी आणि इतरांनी पुढे नेलेलं म्हणणं: उष्णतेने मऊ होऊन धातू घसरतो, चिपेचे दात ही शिअर बँडचीच करणी. दुसऱ्या बाजूला मिल्टन शॉ यांच्यासारखे लोक: आधी मोकळ्या पृष्ठभागावर तडा जातो आणि तो तडा खाली टूलकडे उतरतो, घसरणं त्याच्यामागून येतं. तयार चिपेत दोन्ही खुणा सापडतात. बँडही दिसतो, आणि दोन दातांच्या बेचक्यात कधीकधी फटही. आधी कोण आणि मागून कोण, हे सगळं घडून गेल्यावरच्या चिपेवरून ठरवणं कठीण.

कॅमेऱ्यासाठी दुसऱ्या विभागाकडे तीन आठवडे मिळाले. वेग सेकंदाला दोन मीटर. एका मायक्रोसेकंदाचं एक्स्पोजर ठेवलं तरी तेवढ्यात धातू दोन मायक्रॉन सरकतो आणि चित्र तेवढं पुसट होतं. सहा मायक्रॉनची रेघ बघायला निघालेल्या माणसाला हे दोन मायक्रॉनही जड असतात. सेकंदाला दोन लाख चित्रं घेतली तर एका दाताला जेमतेम दहा चित्रं मिळतात, आणि त्या वेगाला चित्राची चौकट टपाल तिकिटाएवढी होते. उजेड इतका लागतो की चकतीची बाजू दिव्यानेच तापेल की काय अशी शंका यावी. चकतीच्या बाजूवर बारीक ठिपके उमटवून, एका चित्रातून दुसऱ्यात ठिपके किती सरकले ते संगणकाकडून मोजून घेण्याचाही प्रयत्न केला. ठोकळ्याच्या आत मोजणी उत्तम झाली. बँडच्या आत ठिपके असे फाटले की संगणकाला ओळखूच येईनात. नेमकं हवं होतं तिथेच अंधार.

तरी त्या चित्रांत एक गोष्ट स्पष्ट होती. दाताचा वरचा पृष्ठभाग आधी फुगतो, बराच वेळ, दहापैकी सहा-सात चित्रं, अखंड फुगत राहतो, आणि मग दोन चित्रांत एकदम घसरतो. फुगत असताना वर कुठे फट नाही. पण कॅमेरा बघतो ती चकतीची बाजू. तिथे धातूला बाहेर सरकायला मोकळीक असते, आतल्या धातूला नसते. बाजूला घडलं ते पोटात घडलंच असेल, असं मी कशाच्या आधारावर म्हणणार?

म्हणून शेवटी क्विक-स्टॉप. कापणं चालू असताना टूल अचानक कामातून उडवायचं, म्हणजे अर्धवट घडलेली चिप मूळ धातूला चिकटलेली राहते, जशीच्या तशी. टूल एका पिनेवर टेकलेलं असतं. वरून जड हातोडा पडतो, पिन तुटते, टूल खाली झेपावतं. काकांनी तो हातोडा आणि त्याचं मार्गदर्शक मला तिसऱ्या प्रयत्नात हवं तसं करून दिलं.

पण ‘अचानक’ म्हणजे किती अचानक? टूलला धातूच्या वेगाला गाठेपर्यंत कापणं चालूच राहतं. आमच्या हातोड्याने टूलला मिळणारं त्वरण गुरुत्वाच्या हजारएक पट होतं. सेकंदाला दोन मीटर वेगाला थांबेपर्यंत धातू आणखी दोनशे मायक्रॉन पुढे जातो, म्हणजे दोन अख्खे दात, तेही मंदावत गेलेल्या वेगाने पडलेले. त्या नमुन्यात जे दिसेल ते १२० मीटर वेगाचं नसणारच. हे अंतर वेगाच्या वर्गाने घटतं. मिनिटाला ३० मीटर, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर वेगाला ते साडेबारा मायक्रॉनवर येतं, आणि टायटेनियमला तेवढ्या संथ वेगालाही दात पडतात. तेव्हा प्रश्न जपण्यासाठी वेग सोडला. ‘हाय-स्पीड’ हा शब्द शीर्षकात असलेल्या प्रबंधाचा सर्वांत खात्रीचा पुरावा मिनिटाला ३० मीटरचा आहे, हे मी प्रबंधात पहिल्याच प्रकरणात लिहिलं. परीक्षकांनी त्यावर बराच वेळ विचारलं, आणि विचारायलाच हवं होतं.

नऊ वेळा हातोडा सोडला. चार वेळा चिप मुळापासून तुटून उडाली. तीन वेळा टूल निघालं तेव्हा नेमका एक बँड पूर्ण होऊन गेलेला होता, म्हणजे प्रश्नाचं उत्तर नुकतंच निघून गेलेलं. एका नमुन्यात वर छोटी फट होती, पण ती थांबताना पडली की आधी, हे सांगता येईना, म्हणून तो बाजूला ठेवला. उरला एक.

त्या एका नमुन्यात दात घडायचा अर्धवट राहिला होता. टूलचं टोक जिथे होतं तिथून फिकट रेघ निघते, वर तिरकी चढते, कण तिच्याकडे वाकलेले, आणि मोकळ्या पृष्ठभागाच्या आधीच ती विरून जाते. वरचा पृष्ठभाग फुगलेला, अखंड. ही मधली सुरी घालून कापलेली एकच पातळी होती, म्हणून मी नमुना दर वेळी पन्नास मायक्रॉन घासून खाली नेला आणि प्रत्येक पातळीवर पुन्हा पॉलिश, पुन्हा द्रावण, पुन्हा फोटो असं पाच वेळा केलं. पाचही पातळ्यांवर रेघ टूलच्या टोकापासूनच सुरू होत होती. पृष्ठभागापर्यंतच्या तिरक्या वाटेची लांबी सुमारे १५५ मायक्रॉन. एका पातळीवर रेघ ११० पर्यंत पोचली होती, पुढच्यात १२५, त्यापुढच्यात ११५, मग १३०, मग पुन्हा १२०. चकतीच्या रुंदीभर ती एका ओळीत चढत नव्हती, कुठे पुढे होती, कुठे मागे.

चकती सपाट, टूल सरळ, सगळं रुंदीभर सारखं घडावं म्हणून केलेली मांडणी, आणि त्यातही बँडचं टोक वाकडंतिकडं. पाच आकडे त्यावर काही म्हणायला पुरेसे नाहीत. सहाव्या पातळीसाठी नमुन्यात अजून धातू शिल्लक आहे.